वीस रुपयांची कोथिंबीर २१४ ला कशी पडली: नाशिकच्या एका घराचा सहा महिन्यांचा हिशोब

हे माझ्या चुलतभावाच्या घराचं प्रकरण आहे. दोघांना विचारूनच लिहितोय, वहिनी म्हणाली नाव टाकू नका बाकी काय ते लिहा, म्हणून नावं नाहीत, भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा म्हणून दादा, ती वहिनी, दादाची आई म्हणजे काकू, आणि दोन पोरं, मुलगी पाचवीत, मुलगा सिनियर केजीत. राहायला इंदिरानगरला टू बीएचके. दादा अंबड एमआयडीसीत सुपरवायझर, वहिनी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. हातात येणारे पैसे दोघांचे मिळून ६३ हजार. मी एका सीएच्या ऑफिसात टॅली बडवतो, एवढीच माझी पात्रता, फायनान्सचा गुरू वगैरे नाही.

विषय निघाला ३ नोव्हेंबर २०२४ ला, भाऊबीज. त्याच दिवशी दुपारी मुंबईची टेस्ट हरून न्यूझीलंडकडून घरच्या मैदानावर ३-० खाल्लं होतं, दादाचं तोंड आधीच उतरलेलं, त्यात जेवताना वहिनी सहज म्हणाली की बोनस आला आणि गेला पण, कुठे गेला कळलंच नाही. झालं. दादा सुरू, ते ओटीटी बंद करा आधी, दर महिन्याला पिक्चर कशाला लागतो, मुलांना मॉलची सवय कोणी लावली. वहिनी म्हणाली, "मॉलमध्ये गाडी कोण चालवत नेतं?" काकू मधेच, "आमच्या वेळी महिन्याला एक पिक्चर बघायचो तो पण जिन्याखालच्या तिकिटावर." मग वहिनी माझ्याकडे वळली, "भावजी, तुम्ही लोकांचे हिशोब बघता ना, आमचा बघा एकदा."

मी बघितला. खरं तर मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे.

कागदावरचं घर आणि खरं घर

पहिल्यांदा दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं की तुमच्या मते महिन्याचा खर्च किती. ईएमआय, शाळा आणि व्हॅन, पेट्रोल, सोसायटीचा मेंटेनन्स, काकूंची औषधं, इन्शुरन्स हे सगळं धरून ३३ हजार, यात वाद नव्हता कारण हे आकडे ठरलेले. उरले ३० हजार. त्यात किराणा-भाजी-दूध १३ हजार, लाइट आणि गॅस ४,३००, मोबाइल-नेट-टीव्ही २ हजार, मौजमजा अडीच हजार. दोघांच्या आकड्यांत फार फरक नाही. बेरीज २१,८००. म्हणजे महिन्याला ८,२०० शिल्लक पडायला पाहिजेत. प्रत्यक्षात शिल्लक शून्य आणि वर क्रेडिट कार्डावर १० हजारांच्या वर बाकी पुढे सरकत चाललेली.

मग बँकेचं स्टेटमेंट आणि दोघांच्या यूपीआयची हिस्ट्री काढली, ऑगस्ट ते ऑक्टोबर. एक महिना घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं कारण आपल्याकडे सण नसलेला महिना शोधायला गेलात तर म्हातारे व्हाल, राखी गणपती नवरात्र दिवाळी, प्रत्येक महिन्याला सांगायला काहीतरी कारण असतंच. सणाची खरेदी वेगळी काढली आणि उरलेल्याची तीन महिन्यांची सरासरी मारली.

किराणा, भाजी, दूध दुकानातून ११,४००. इथपर्यंत ठीक. पण त्याच कॉलममध्ये दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपचे ८,६००. लाइट-गॅस ४,५००. मोबाइल-नेट-टीव्ही २,६५०. आपोआप कटणाऱ्या सबस्क्रिप्शनचे १,०४५. पिक्चर, हॉटेल आणि घरी मागवलेलं जेवण ४,३००. आणि एक ९३० ची ओळ, तिच्याकडे नंतर येतो. एकूण ३३,४२५. म्हणजे महिन्याला साधारण ३,४०० ची खड्डेभरणी कार्डावरून, तिन्ही महिन्यांची मिळून कार्डावरच्या बाकीएवढी. हिशोब जुळल्याचा आनंद फक्त मलाच झाला.

बघा म्हणजे, भांडण कशावरून होतं? पिक्चर आणि ओटीटीवरून. आणि सगळ्यात मोठं भोक कुठे होतं? स्वयंपाकघरात. ते ८,६०० दोघांपैकी एकाच्याही डोक्यात नव्हते, कारण ते कधी खर्च म्हणून होतच नव्हते, ते "जरा मागवून घे" म्हणून होत होते.

कोथिंबिरीची गोष्ट

ॲपवरच्या ऑर्डरी एकेक उघडून बघितल्या. तीन महिन्यांत ९४ ऑर्डरी. सरासरी पावणेतीनशेची एक. पण सरासरी सोडा, त्यातल्या ४१ ऑर्डरी १९९ ते २३० च्या मधल्या होत्या. का, तर १९९ ला डिलिव्हरी फ्री.

एक ऑर्डर मी वहिनीसमोर धरली. सप्टेंबरमधला एक मंगळवार, संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटं. पोहे करायला घेतलेले, कोथिंबीर नाही. कोथिंबीर २० रुपये. मग फ्री डिलिव्हरीला १७९ कमी, म्हणून चिप्सची २० वाली दोन पाकिटं, ८० चं चॉकलेट, ६० चा ब्राउन ब्रेड. झाले २००. वर हँडलिंग १४. एकूण २१४. ब्राउन ब्रेड घरात कोणी खात नाही, तो चौथ्या दिवशी बुरशी लागून गेला हे वहिनीलाच आठवलं. आता हिशोब उलटा करा, डिलिव्हरीचे २५ भरले असते, छोटी ऑर्डर म्हणून अजून २० लावले असते, हँडलिंगचे १४ धरले, तरी कोथिंबीर ७९ ला पडली असती. महागच, पण २१४ नाही. आणि सोसायटीच्या गेटबाहेर हातगाडी रात्री नऊपर्यंत उभी असते, ते वेगळंच.

वहिनी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पण भावजी, सात वाजता मी कामावरून येते, चपला काढून परत खाली उतरायचं जिवावर येतं." हे मला पटलं. हे लिहून ठेवलं मी. कारण इथे आळशीपणाचा प्रश्न नाहीये, दिवसभर काउंटरवर उभं राहून आलेल्या बाईला खाली जा म्हणून सांगणं सोपं आहे, जाणार कोण? दादा सव्वासहाला घरी येतो, हे पण मी लिहून ठेवलं आणि मोठ्याने वाचलं.

आपोआप कटणारे १,०४५

हे शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा एक कोपरा असतो, तिथे काय काय चालू आहे ते दिसतं, पण कार्डावरून कटणारं तिथे दिसत नाही, त्याला बँकेच्या साइटवर जावं लागतं, आणि फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलेलं तिसऱ्याच जागी. तीन ठिकाणी हिंडून यादी झाली. एक ओटीटी २९९, दुसरं १९९, पोरांचं कार्टून आणि गोष्टींचं ॲप १९९, गाण्यांचं ११९, फोटो ठेवायची जागा १३०, आणि ९९ रुपयांचं एक कुंडलीचं ॲप.

कुंडलीचं कोणाचं यावर पाच मिनिटं शांतता. काकूंच्या फोनवर होतं, पैसे दादाच्या खात्यातून, कारण काकूंचा फोन सेट करताना दादानेच आपलं अकाउंट टाकलेलं. कार्टूनचं ॲप तर मार्चमध्ये एक रुपयाच्या ट्रायलवर घेतलेलं आणि मे महिन्यात फोनवरून डिलीट केलेलं. आता हे सगळ्यांनी नीट डोक्यात ठेवा, ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. आयकॉन जातो, पैसे कटत राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यायला लागतो आणि तो येत होता, दादाच्या फोनमध्ये सगळे मेसेज होते, पण लोन घ्या, प्लॉट घ्या, केवायसी करा या गर्दीत तो कोण वाचतंय.

आणि सगळ्यात भारी म्हणजे ते १९९ चं ओटीटी त्यांच्या ब्रॉडबँडच्या ९४३ च्या प्लॅनमध्ये फुकट येत होतं. एकाच दुकानात दोनदा पैसे. त्या प्लॅनचं लॉगिन कोणी कधी केलंच नव्हतं.

९३० ची ओळ

तीन महिन्यांत ५७ वेळा ४९ रुपये. दादाच्या यूपीआयवर. क्रिकेटची टीम लावायचं ॲप.

मी ते वहिनीसमोर काढणार नव्हतो, पण कागद टेबलावरच होता आणि तिला माझ्यापेक्षा लवकर वाचता येतं. दादा म्हणाला दोनदा जिंकलोय मी. मी बघितलं, जिंकला होता, एकदा ६० आणि एकदा ८५. वहिनी काही बोलली नाही, फक्त कुंडलीच्या ॲपसमोर आणि याच्यासमोर अशी दोन फुल्या मारल्या आणि उठून चहा ठेवायला गेली. त्या चहानंतर ओटीटीवरून वहिनीला बोलायचं दादाने सोडून दिलं ते कायमचं. (पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायदाच आणला आणि त्या ॲपांवर पैसे लावणं आपोआप बंद पडलं, पण दादाने त्याच्या नऊ महिने आधी काढलं होतं हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.)

पहिला प्रयत्न फसला

डिसेंबरमध्ये दोघांनी जे केलं ते मला विचारून केलं नाही आणि मला विचारलं असतं तरी मी कदाचित हो म्हणालो असतो. सगळंच बंद. दोन्ही ओटीटी, पिक्चर, हॉटेल, बाहेरून मागवणं, ॲप डिलीट, आणि टीव्हीचं पॅकेजसुद्धा. घरात नेट आहे ना, मोबाइलवर बघा सगळं.

काकूंचं काय? त्यांच्या संध्याकाळच्या तीन मालिका. त्या काही म्हणाल्या नाहीत, साडेसहाला दिवा लावला की शेजारच्यांकडे जाऊन बसायला लागल्या आणि साडेनऊला परत. आठवड्याभराने शेजारच्या काकूंनी वहिनीला लिफ्टमध्ये विचारलं, "तुमचा टीव्ही बिघडलाय का गं?" ही गोष्ट पैशांत मोजता येत नाही पण त्या घरात ती डिसेंबरची सगळ्यात महाग गोष्ट होती.

नाताळच्या सुट्टीत पोरं घरात, काहीच नाही, कुठेच नाही. जानेवारी कसाबसा रेटला. २६ जानेवारीला रविवार होता, झेंडावंदन करून आल्यावर मुलीने विचारलं आज तरी कुठे जायचं का, आणि सगळे मॉलला गेले. पिक्चरची चार तिकिटं, पॉपकॉर्नचा कॉम्बो, मुलाचं गेम झोनचं कार्ड, जेवण, आणि येताना "सेल होता" म्हणून दोन टी-शर्ट. ४,१८०. एका दिवसात जवळजवळ जुन्या महिन्याएवढी मौज. रात्री दादाचा मेसेज, फेल गेलं रे.

मला विचाराल तर फेल नव्हतं गेलं, व्हायचं तेच झालं. वर्षभर उपास करून कोणी जगत नाही, एकादशी दुप्पट खाशी आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी परत बसलो, या वेळी काकू आणि मुलगी पण टेबलाला. मुलीने वही घेतलेली, तिला हे सगळं फार भारी वाटत होतं.

मौजमजेला महिन्याला ३ हजार, रोख, फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात. पिक्चर, हॉटेल, पाणीपुरी, बाहेरून मागवलेलं सगळं त्यातूनच. उरले तर पुढच्या महिन्यात मिळवायचे, म्हणजे कंजूषपणा केला तर त्याचं फळ पण दिसतं. रोखच का, तर यूपीआयवर ३ हजार संपले ते कळत नाही, डब्यात शेवटची दोनशेची नोट दिसली की पोरंसुद्धा म्हणतात आज नको. डबा मुलीच्या ताब्यात.

टीव्ही परत चालू, पण हॉलमधला एकच. बेडरूममधल्या टीव्हीचा दुसरा बॉक्स कोणी बघतच नव्हतं, त्याचे वेगळे पैसे जात होते. आणि पॅकेज घेतलंच नाही. ट्राय म्हणजे फोन आणि टीव्ही कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाने २०१९ पासून एकेक वाहिनी सुटी निवडता येते, पण हे कस्टमर केअरवाला आपणहून सांगत नाही, तो पॅकच विकतो. काकूंना विचारून चार मराठी वाहिन्या सुट्या लावल्या, साध्या, एचडी नाही, कारण काकूंना चष्म्यातून फरक दिसत नाही असं त्याच म्हणाल्या. ६१० चे ३२० झाले.

ब्रॉडबँड ९४३ वरून ४० एमबीपीएसच्या ५८९ वर. दादा घाबरला होता की चार जण बघायला लागले की अडकेल, अजून तरी अडकलेलं नाही. त्या प्लॅनमध्ये ओटीटी नव्हतं म्हणून १९९ चं एक सुटं परत घेतलं, २९९ चं नाही. मार्चमध्ये आयपीएलच्या तोंडावर परत कुरकुर झाली, पण दादाच्या ३४९ च्या रिचार्जवर ९० दिवस जिओहॉटस्टार फुकट मिळालं, तो प्रश्नच संपला.

काकूंच्या मोबाइलचं मला जास्त कौतुक वाटलं, कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाही. काकूंना २९९ चं २८ दिवसांचं रिचार्ज होतं. २८ दिवसांचं म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ वेळा. ३,८८७ रुपये. काकू घराबाहेर नेट वापरतच नाहीत, घरात वायफाय. ट्रायने सांगितल्यावर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी फक्त बोलणं आणि एसएमएसचे प्लॅन काढले, त्यातला १,८४९ चा वर्षभराचा घेतला. २ हजार वाचले आणि काकूंना दर महिन्याला "माझं रिचार्ज संपलं वाटतं" म्हणावं लागत नाही.

लाइटचं बिल

इथे एक गैरसमज आधी काढतो. दादा म्हणायचा ३०० युनिटच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळं बिल महाग दराने लागतं. नाही. पहिली १०० युनिटं स्वस्त दरानेच लागतात, पुढची २०० त्याच्या वरच्या, आणि ३०० च्या पुढची तेवढीच त्याच्याही वरच्या. महावितरणच्या २०२४-२५ च्या दराने वहन आकार (वीज घरापर्यंत आणून द्यायचे पैसे) धरून युनिटला साधारण ६, मग साडेअकरा, मग पावणेसोळा रुपये. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. याचा अर्थ काय, की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात वरचं, सगळ्यात महाग वाचतं. १०० च्या आतल्या घराने एक युनिट वाचवलं तर तेव्हाच्या दराने सात रुपये, आणि ३०० च्या वरच्याने वाचवलं तर अठरा.

मी ऑफिसातून प्लगला लावायचं मीटर आणलं होतं, ते एकेका वस्तूला लावत बसलो. टीव्हीचा बॉक्स रिमोटने बंद केला तरी जवळजवळ तेवढीच वीज खात होता, १० वॉट धरा, दिवसरात्र, महिन्याला ७ युनिटं. दोन बॉक्सची १४. बटण भिंतीवरून बंद करायचं एवढंच. फ्रिज १४ वर्षांचा, त्याच्या दारात दहाची नोट धरून दार लावलं आणि ओढली, अलगद निघून आली, म्हणजे रबर गेलेलं. ९०० मध्ये नवीन गॅस्केट. २.९ युनिटं रोजची होती ती २.१ वर आली. गीझर सकाळी सहाला लावला की शेवटचा माणूस आंघोळ करेपर्यंत नऊपर्यंत चालू, तो आता एकामागून एक आंघोळी आणि पावणेसातला बंद, यावरून घरात अजून आरडाओरडा होतो, रोज.

पंखे दोन बदलले, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, २,७५० ला एक. जुना ७५ वॉटचा, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर महिन्याला एका पंख्याची १६ युनिटं वाचतात, पण थंडीत पंखा लागतच नाही, त्यामुळे पैसे वसूल व्हायला दोन उन्हाळे धरून चाला. चारही पंखे बदलायचं दुकानदार सांगत होता, मी नको म्हटलं, पाहुण्यांच्या खोलीतला पंखा फिरतो कधी?

तुलना मागच्या महिन्याशी करायची नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची, बिलावरच मागचे महिने छापलेले असतात. एप्रिल २०२४ ला ३४६ युनिटं, एप्रिल २०२५ ला २७१. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं त्याचे १० रुपये सुटतात आणि बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का, हे चिल्लर आहे पण नाही कशाला म्हणा.

पिक्चर बंद नाही झाला

उलट बाहेर जाणं वाढलं असं वहिनी म्हणते. शनिवार-रविवार संध्याकाळऐवजी सकाळचा शो, तिकीट खिडकीवर जाऊन, म्हणजे ऑनलाइनची फी वाचते. चार जणांचं जे ऑनलाइन १,२५० ला जायचं ते साडेसहाशेत होतं. पॉपकॉर्न आत घेत नाहीत, आधी नाश्ता करून जातात. बाहेरचं खाणं आत न्यायला थिएटरवाला मनाई करू शकतो हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं हे पण त्याच निकालात आहे, त्यामुळे पाण्याच्या बाटलीचे साठ रुपये देऊ नका, मागा.

एक महिना पिक्चर, एक महिना नाटक. आणि काकूंच्या आग्रहाने सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे सावानाचं सभासदत्व. सावाना १८४० सालची, आपण नाशिककर तिच्यासमोरून शालिमारला रोज जातो आणि आत पाऊल टाकत नाही. महिन्याची वर्गणी मॉलमधल्या पॉपकॉर्नपेक्षा कमी. मुलीला बालविभाग सापडला आणि कार्टूनच्या ॲपचं नाव परत निघालं नाही. पोराला अजून वाचता येत नाही, तो तिथे पंखे मोजतो. एका रविवारी सगळे पांडवलेण्यांवर गेले, मोठ्यांना २५ रुपये तिकीट, पंधरा वर्षांखालच्यांना फुकट, डबा घरचा, खाली उतरून उसाचा रस. दीडशेत दिवस. मे मध्ये गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, शंभर वर्षांहून जुनी, फुकट, काकू पहिल्या दिवसापासून जायच्या म्हणून हटून बसल्या आणि दादाला रोज सोडायला जावं लागलं, पेट्रोलचा खर्च डब्यातून घ्यायचा की नाही यावर मुलीशी त्याची वाटाघाट चालू होती.

जे जमलं नाही ते पण सांगतो. मोठ्या मार्टमधून महिन्याचं एकदम आणायचा प्रयोग दोन महिने केला, एकावर एक फुकट म्हणून बिस्किटांचे सहा पुडे आणि तीन लिटरचा भांडी घासायचा कॅन घरात, बिल जास्तच. परत कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आले, व्हॉट्सॲपवर यादी टाकायची, तो संध्याकाळी पोरगा पाठवतो. एप्रिलमध्ये लोकवन गहू क्विंटलभर भरला, ३८ ने, गिरणीचे धरून ४५ ला पडतो, पाकिटातलं पीठ ५२ च्या आसपास. महिन्याला दीडशे रुपये वाचतात, पण वहिनीने आणि काकूंनी गहू वाळवून एरंडेल चोळून कोठीत भरण्यात दोन अख्खे दिवस घातले. हिशोबात मी याला बचत म्हणत नाही. पोळ्या चांगल्या होतात एवढं खरं.

फेब्रुवारी ते एप्रिलची सरासरी अशी आली. किराणा-भाजी-दूध १२,३००, ॲपचे ३,१००. लाइट-गॅस ३,९००, यात ८ एप्रिलला सिलिंडर ५० ने वाढला तो धरून. मोबाइल-नेट-टीव्ही १,८२०. सबस्क्रिप्शन ३२९. मौजमजा २,९००. एकूण २४,३४९, म्हणजे ३० हजारांतले साडेपाच हजारांच्या वर उरतात. पंखे आणि गॅस्केटचे ६,४०० वेगळे गेले, कार्डाची बाकी मार्चमध्ये संपली. ९ हजारांचा फरक पडला त्यातले ४,६०० एकट्या किराणा आणि ॲपचे, आणि ज्याच्यावरून भाऊबीजेला ताट बाजूला सारलं गेलं त्या पिक्चर-हॉटेलचे फक्त १,४००.

ॲप पूर्ण बंद केलं नाही, ते मुद्दाम. ३,१०० अजून जास्तच आहेत असं माझं मत, वहिनीचं नाही. ठरलं एवढंच की सातच्या आत जे आठवेल ते दादा खालून आणणार, आणि त्यानंतर लागलं तर डिलिव्हरीचे पैसे सरळ भरायचे, टोपली भरायची नाही.

परवा पावसात रात्री साडेआठला वहिनीचा स्क्रीनशॉट आला. टोपलीत कोथिंबीर, जुडी ३५ ला. खाली हिरव्या अक्षरात, फक्त १६४ चं अजून घ्या आणि डिलिव्हरी फ्री. तिने लिहिलं होतं, "भावजी, काय टाकू?" मी लिहिलं काही नको, २५ भर. दोन मिनिटांनी तिचा रिप्लाय, "तुमचे दादा छत्री घेऊन खाली गेलेत."